सुरकुत्यांचा बाजार आणि म्हातारपणाची भीती

वृद्धत्व हा निसर्गक्रम आहे. पण निसर्गक्रमातूनही नफा काढण्याची विद्या भांडवलशाहीला चांगली अवगत आहे. चेहऱ्याची सैल पडलेली कातडी घरच्या घरी घट्ट करून देणारी यंत्रे हे या विद्येचे अलीकडचे फळ. सौम्य वीजप्रवाह देणारी उपकरणे, रेडिओ लहरींनी त्वचा तापवणारी साधने, लाल प्रकाशाचे मुखवटे, बारीक सुयांचे रोलर असा हा माल मोबाइलवरील जाहिरातींतून घरोघरी पोचतो आहे. हजारो रुपयांची किंमत हप्त्यांनी भरण्याची सोयही आहे. हा विषय क्षुल्लक आणि 'बायकी' म्हणून सोडून देण्याचा मोह आपल्या कार्यकर्त्यांनी टाळावा.

प्रथम दावा तपासू. त्वचेचा ताठपणा तिच्या आतल्या थरातील कोलॅजेन व इलॅस्टिन या प्रथिनांच्या तंतूंवर अवलंबून असतो. वयाबरोबर हे तंतू घटतात. स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीनंतर ही घट अधिक वेगाने होते. शिवाय त्वचेखालची चरबी विरळ होते व खाली सरकते, चेहऱ्याची हाडेही झिजतात. म्हणजे चेहरा ओघळणे हा केवळ कातडीचा दोष नव्हे. दवाखान्यातील यंत्रे आतला थर बराच तापवतात, त्यामुळे जुने तंतू आकसतात व नवे तयार होतात. घरगुती यंत्राची शक्ती मात्र भाजण्याचा धोका टाळण्यासाठी मुद्दाम कमी ठेवलेली असते. साहजिकच परिणाम झालाच तर तो अल्प असतो आणि वापर थांबला की ओसरतो. लाल प्रकाशाने बारीक सुरकुत्या काहीशा सौम्य होतात, असे काही अभ्यासांत दिसले आहे. परंतु लोंबणारी हनुवटी त्याने वर जात नाही.

'एफडीए मान्यताप्राप्त' या शिक्क्याचेही तसेच. अमेरिकेतील ही यंत्रणा अशा यंत्रांना बहुधा 'क्लिअरन्स' देते. तिचा अर्थ, हे यंत्र आधीच बाजारात असलेल्या दुसऱ्या एखाद्या यंत्राशी तुल्य आहे, एवढाच. महाराष्ट्रातील ग्राहकाला मात्र ही अक्षरे वाचून आपल्या अन्न व औषध प्रशासनाची आठवण होते आणि विक्रेत्याचे आयतेच फावते.

चेहऱ्यावरील वार्धक्याचे सर्वांत मोठे बाह्य कारण म्हणजे सूर्याचे अतिनील किरण. त्यांच्या जोडीला धूम्रपान. सावली, टोपी, डोक्यावरचा पदर आणि विडी-सिगारेटचा त्याग हे उपाय स्वस्त आहेत. म्हणूनच त्यांची जाहिरात कोणी करीत नाही. उसाच्या फडात आणि बांधकामावर दिवसभर उन्हात राबणाऱ्या स्त्रीचा चेहरा अकाली सुरकुततो, तो प्रश्न तर या बाजाराच्या हिशेबातच नाही.

उत्पादन ज्या गरजा भागवते त्या गरजा तेच निर्माणही करते, असा सिद्धांत अर्थशास्त्रज्ञ गॅलब्रेथ यांनी १९५८ साली मांडला. येथे तो लागू पडतो, पण पुरा पडत नाही. कारण जाहिरात ज्या भीतीवर पोसली जाते ती भीती खोटी नाही. सरकारी मालकीच्या एअर इंडियात हवाई सुंदरीला ३५ व्या वर्षी निवृत्त व्हावे लागे आणि पुढची मुदतवाढ व्यवस्थापकीय संचालकाच्या मर्जीवर असे. पुरुष सहकारी मात्र ५८ व्या वर्षापर्यंत नोकरीत राहत. नर्गेश मिर्झा खटल्यात १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या गरोदरपणी नोकरी संपवणारा नियम आणि संचालकाचा अनिर्बंध अधिकार रद्द केला. वयातील भेद मात्र मान्य केला. जिथे स्त्रीचा चेहरा हीच तिच्या नोकरीची अट होते, तिथे सुरकुतीची धास्ती ही पोटाची धास्ती असते. ती बाळगणाऱ्या भगिनीला साधेपणाचा उपदेश करणे अन्यायाचे आहे.

म्हातारपणाची तरतूद पाहावी, तर भविष्य निर्वाह निधीशी जोडलेल्या योजनेत २०१४ साली किमान मासिक पेन्शन ठरले १,००० रुपये! ज्या समाजात वृद्ध होणे म्हणजे निराधार होणे, तिथे तारुण्य विकणाऱ्याला गिऱ्हाईक कमी पडत नाही.

म्हणून आमच्या मागण्या दुहेरी आहेत. दाव्याचा पुरावा आधी, जाहिरात नंतर, हा दंडक सरकारने घालावा. जादूटोणा व औषधे यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या १९५४ च्या कायद्यात अकाली वार्धक्य व गोरेपणा यांवरील दावे आणण्याचा मसुदा केंद्राने २०२० साली काढला होता. तो तडीस न्यावा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार फसव्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कार्यकर्त्यांनी आपल्या भागातील अशा जाहिरातींची कात्रणे व चित्रे जमवून तक्रारी नोंदवाव्यात. परंतु एवढ्याने भागणार नाही. वय व रूप पाहून स्त्रियांना कामावरून दूर सारणाऱ्या मालकांविरुद्ध कामगार संघटनांनी उभे राहावे आणि जगण्यापुरत्या पेन्शनची मागणी नेटाने लावून धरावी. भीतीचे मूळ तिथे आहे. इलाजही तिथेच करावा लागेल.