शिकलेली हवी, पण जुन्या वळणाची!

हल्ली मुलगी पाहावयास येणारी मंडळी एक अट हमखास घालतात: मुलगी शिकलेली हवी, पण जुन्या वळणाची. आम्ही खेड्यात मुलींना धडे देणारी माणसे. म्हणून या अटीचा अर्थ विचारणे आम्हांस भाग आहे. पगार नव्या चालीचा आणि मान जुन्या चालीने खाली, एवढाच ना?

नवराबायको दोघेही जुन्या मताची असली तर संसार पुष्कळदा सुरळीत चालतो. दोघेही नव्या मताची असली तरी चालतो. तो नासतो, नवरा चारचौघांत नवा आणि उंबऱ्याच्या आत जुना असला म्हणजे. शिवाय जुन्या घरातील शांतता ही बायकोची संमती की मुकाट्याने सोसणे, हे तिला कोणी विचारले आहे काय?

पुणे शहरात याचा मोठा दाखला आहे. 1840 साली जोतीराव व सावित्रीबाई यांचे लग्न झाले तेव्हा दोघेही लहान होती. मते कोणाचीच ठरलेली नव्हती. एकमत त्यांना आंदणात मिळाले नाही. ते त्यांनी पाटीपुस्तकावर कमाविले. 1848 साली मुलींची शाळा निघाली, 1849 साली वडिलांचे घर सुटले, पण जोडपे फुटले नाही. 1856 साली सावित्रीबाई आजारी होऊन नायगावी माहेरी असता भावाने दोघांस बोल लावला. बाईंनी त्याला तेथेच उत्तर दिले. पोटी मूल नाही म्हणून जोतीरावांनी दुसरी बायको केली नाही; दोघांनी यशवंतास दत्तक घेतले.

हेच तत्त्व सत्यशोधक लग्नविधीत उतरले. 1887 सालच्या त्या मंगलाष्टकांत वधू स्त्रियांचे हक्क मागते आणि वर ते देण्याचे वचन देतो. म्हणजे मतांचा करार लग्न लागतानाच, सर्वांदेखत!

तेव्हा आईबापांनो, सुपारी फोडण्यापूर्वी पत्रिका बाजूस ठेवा आणि दोघांस समोरासमोर बसवून विचारा: कमाई कोणाच्या हाती राहील? पुढचे शिक्षण चालेल काय? चूल कोण सांभाळील? मुलीचे उत्तर मुलीनेच द्यावे, मामाने नव्हे. ही उत्तरे जुळली नाहीत, तर छत्तीस गुण जुळूनही काय उपयोग?

आणि वरपक्षास आमचा एकच सवाल: तुमचा मुलगा शिकलेला आहे हे कळले, तो कोणत्या वळणाचा आहे?