उसाचा दाम म्हणजे नफा नव्हे

सभासद बंधूंनो, वैधानिक किमान किमतीहून जास्त दिलेला ऊसदर म्हणजे नफ्याची वाटणी, असे धरून प्राप्तिकर खात्याने सहकारी कारखान्यांवर वर्षानुवर्षे कर लावला. आम्ही विचारतो, घाम गाळून पिकवलेल्या उसाचा दाम हा नफा कसा? 2015 च्या वित्त कायद्याने सरकारने ठरवलेल्या वा मान्य केलेल्या दरापर्यंतची रक्कम खर्च म्हणून धरली. पण ती पुढच्या वर्षांपुरती. मागचे ओझे तसेच राहिले. 2023 च्या अर्थसंकल्पाने 2016-17 च्या आधीच्या कर-निर्धारण वर्षांनाही तीच सवलत दिली. सुमारे 10,000 कोटींचा दिलासा, असे तेव्हा सांगण्यात आले.

पण दिलासा काही आपल्या पायांनी चालत दारी येत नाही. त्यासाठी कारखान्याने कर-निर्धारण अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, आणि दर सरकारमान्य होता हे त्या त्या हंगामाच्या कागदांनिशी दाखवायचे. दप्तर वाळवीने खाल्ले तर काय दाखवणार? मान्य दराहून वर दिलेल्या रकमेचा वाद तर उरतोच.

म्हणून वार्षिक सभेत उठून विचारा: कोणत्या वर्षाचा अर्ज गेला, कोणता राहिला, किती कर सुटला? विचारायला भीड कसली? पैसा आपल्याच उसाचा आहे.