टेकडीवर आहे काय, नुसतं गवत?

संध्याकाळी लॉ कॉलेज रोडवर अडकलात, की 'होऊ दे एकदाचा तो बालभारती-पौड फाटा रस्ता' असं तुम्हालाही वाटतं ना? मलाही वाटायचं. पण मत ठरवण्याआधी एकदा सकाळी सहाला वेताळ टेकडीवर जाऊन या.

एकाच फेरीत किती वेगवेगळ्या जागा लागतात बघा. माथ्यावर गवताळ माळ, उतारावर सालई, मेडशिंगी, गणेर ही इथलीच झाडं, जुन्या दगडखाणीत साठलेलं पाणी. मध्येच एकसारखी दाट हिरवळ दिसते, ती गिरिपुष्पाची. हे झाड मूळचं मध्य अमेरिकेतलं, वनीकरणात लावलेलं. फोटोत झकास येतं, पण त्याच्या दाट सावलीत गवताला जागा उरत नाही. आणि चंडोल घरटं करतो ते जमिनीवर, गवताच्या आडोशाला. त्याला झाड नको, माळ हवा.

गोची इथेच आहे. सरकारी नोंदींत झुडपी माळ बऱ्याचदा 'पडीक जमीन' ठरतो. मग पडीक जागेतून रस्ता नेला तर बिघडलं कुठे? एप्रिल 2023 मध्ये पुणेकरांनी टेकडीसाठी मोर्चा काढला, तरी वाद बराचसा झाडं किती तुटणार यावरच फिरतो. एका झाडाच्या बदल्यात दुसरं लावता येतं, निदान कागदावर तरी. माळाच्या बदल्यात काय लावणार?

ट्रॅफिक खोटा नाही. पण त्याचा हिशेब मांडताना हा माळ शून्य धरू नका, एवढंच.

जाल तेव्हा बूट घाला. पावसाळ्यानंतर कुसळं मोज्यात घुसतात.