नसायला हवा होता असा तारा

सिंह तारकासमूहातील एका मंद ताऱ्याविषयी २०११ साली एलिसाबेत्ता काफाउ आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये लिहिले. युरोपीय दक्षिणी वेधशाळेने तेव्हा ‘अस्तित्वात असू नये असा तारा’ अशा मथळ्यानेच ती वार्ता दिली. त्याचे वय बहुधा १३ अब्ज वर्षांहून अधिक, वस्तुमान सूर्याहून कमी आणि धातूंचे प्रमाण सूर्याच्या सुमारे २०,०००वा भाग. (खगोलशास्त्रज्ञ कार्बन-ऑक्सिजनलाही धातूच म्हणतात. व्याकरणातले ‘धातू’ शिकविणाऱ्या आपण त्यावर हसू नये.)

आकुंचन पावणारा वायुमेघ तापतो. ती उष्णता बाहेर टाकण्यास पुरेसे कार्बन-ऑक्सिजन नसतील, तर मेघाचे लहान तुकडे होत नाहीत आणि असा लहान तारा जन्मू शकत नाही, असे एक वजनदार सिद्धान्त सांगत होता. तारा मात्र समोर होता. साहजिकच, धूलिकणही मेघाला निववू शकतात, या आधीच मांडल्या गेलेल्या विचाराला बळ मिळाले.

एका ताऱ्यासाठी सिद्धान्ताची फेरतपासणी झाली, हे मला मोलाचे वाटते. आपण वाङ्मयेतिहासात कालखंडाच्या चौकटीत न बसणाऱ्या कृतीला ‘अपवादात्मक’ म्हणून गौरवतो, आणि चौकट फळ्यावर तशीच राहते. मीही वर्षानुवर्षे तेच करीत आलो आहे. प्रश्नपत्रिकेत तर अशी कृती ‘टीपा लिहा’मध्ये जाते, तीही बहुधा पर्यायी म्हणून.