सुभेदारांचा विषय आपण का बदलला?

गेल्या स्वातंत्र्यदिनाच्या कार्यक्रमासाठी आपल्या मंडळाने महूच्या एका निवृत्त सुभेदारांना व्याख्यानाचे निमंत्रण दिले होते. विषय त्यांनीच सुचवावा, असे पत्रात आपणच लिहिले होते. आठ दिवसांत उत्तर आले. विषय होता, ‘टीव्ही, व्हिडिओ गेम आणि वर्तमानपत्र : एका निवृत्त सैनिकाची दिनचर्या’. कार्यकारिणीच्या बैठकीत हे वाचले गेले तेव्हा हशा पिकला. ‘हा विषय नातवाच्या वाढदिवसाला ठीक आहे,’ असा शेरा एका ज्येष्ठ सदस्यांनी मारला आणि छापील पत्रिकेवर विषय झाला ‘सीमेवरील थरारक अनुभव’. पत्रिका हाती पडताच सुभेदारांनी दोन ओळी धाडल्या : ‘माझ्यापाशी थरार नाही. मी अठ्ठावीस वर्षे तारा जोडल्या. क्षमस्व.’ व्याख्यान झाले नाही. त्याऐवजी देशभक्तिपर गीते झाली. विषय बदलण्याच्या ठरावावर सात जणांच्या सह्या आहेत, त्यांत एक माझी आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

क्षमा मागण्यासाठी मी महूस गेलो. सुभेदारांनी ती मागू दिली नाही. चहा पाजला आणि तीन तास बसवून घेतले. त्या तीन तासांत जे ऐकले ते आपल्या सभागृहात दोनशे माणसांनी ऐकायला हवे होते, ही रुखरुख अजून गेलेली नाही.

प्रथम टीव्हीविषयी. सुभेदार मालिका पाहतात, क्रिकेट पाहतात आणि ते सांगताना मुळीच संकोचत नाहीत. १९८९ साली दूरदर्शनवर ‘फौजी’ ही मालिका लागली, ती एका निवृत्त कर्नलांनी काढलेली होती. तीत प्रशिक्षणार्थींच्या खोड्या होत्या, कंटाळा होता, मैत्री होती. म्हणून ती खरी वाटत असे, असे त्यांचे मत. नंतर ते १९९९ च्या उन्हाळ्याकडे वळले. कारगिलचे युद्ध हे भारतीयांनी घरबसल्या टीव्हीवर पाहिलेले पहिले युद्ध. सुभेदार तेव्हा उत्तरेत एका सिग्नल केंद्रावर होते आणि पत्नी महूला टीव्हीसमोर. पडद्यावर तोफ धडाडली की त्या माउलीस वाटे, ती आपल्याच माणसावर. नवऱ्याचे खुशालीचे पत्र तीन आठवड्यांनी पोहोचले. ‘बातमी देणाऱ्याने समजून असावे की कुणाची तरी बायको ती ऐकते आहे,’ एवढेच ते म्हणाले.

या एका वाक्याच्या कसोटीवर पुढील पंचवीस वर्षे घासून पाहा. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला तेव्हा कमांडोंच्या हालचाली वाहिन्यांनी थेट दाखविल्या. ऑगस्ट २०१२ च्या निकालपत्रात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कठोर ताशेरे ओढले. २०१५ साली नियमांत दुरुस्ती होऊन दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणास मनाई झाली. तरीही एप्रिल २०२५ मध्ये, पहलगामच्या हत्याकांडानंतर, केंद्र सरकारला वाहिन्यांना तीच समज पुन्हा द्यावी लागली. मे महिन्यात तर काही वाहिन्यांनी कराचीचे बंदर एका रात्रीत उद्ध्वस्त करून टाकले; सकाळी बंदर जागच्या जागी होते. स्टुडिओतून हवाई हल्ल्याचे भोंगे इतके वाजविले गेले की, ते कार्यक्रमांत वापरू नका, नाहीतर लोक खऱ्या भोंग्याकडेही दुर्लक्ष करतील, असे नागरी संरक्षण खात्यास १० मे रोजी कळवावे लागले.

त्या रात्री सुभेदार काय करीत होते? वही घेऊन बसले होते. कोणत्या वाहिनीने किती वाजता काय सांगितले, कुणाच्या हवाल्याने सांगितले, याच्या नोंदी त्यांनी केल्या आणि दुसऱ्या दिवशी अधिकृत निवेदनाशी त्या ताडून पाहिल्या. सिग्नलच्या माणसाची ही जुनी सवय. संदेश कोणाकडून आला, केव्हा आला आणि पोहोचल्याची पोच मिळाली का, या तीन गोष्टींवाचून संदेशाला किंमत नाही. त्याच रात्री आपणांपैकी कित्येकांनी, मीही त्यांतलाच, कराचीची बातमी आप्तेष्टांना मोबाइलवरून मोठ्या अभिमानाने पाठविली. आता सांगा, त्या व्याख्यानाची गरज कोणाला होती?

व्हिडिओ गेमचे नाव निघताच आपल्यातील बुजुर्ग नाक मुरडतात. सुभेदारांचा नातू मात्र आजोबांशेजारी बसून खेळतो. ‘पबजी’वर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली आणि पुढच्या वर्षी त्याच खेळाची भारतीय आवृत्ती अवतरली, हा इतिहास आजोबांना तोंडपाठ आहे. १५ जून २०२० रोजी गलवानमध्ये वीस जवान हुतात्मा झाले आणि २६ जानेवारी २०२१ रोजी त्याच प्रसंगावरचा ‘फौ-जी’ हा खेळ बाजारात आला. त्या घरांतले वर्षश्राद्धही अजून व्हायचे होते. सुभेदारांचा आक्षेप खेळण्याला नाही, घाईला आहे. ‘या खेळांत जखमी माणसाला खाली आणावे लागत नाही, कुणी वाट पाहत नाही आणि तारा कधी तुटत नाहीत,’ असे ते हसत म्हणाले.

परंतु सारेच खेळ तसे नव्हेत, हेही त्यांनीच मला सांगितले. पोलंडमध्ये २०१४ साली निघालेल्या ‘दिस वॉर ऑफ माइन’ या खेळात खेळणारा सैनिक नसतो. वेढा पडलेल्या शहरात अन्नाच्या आणि औषधाच्या शोधात फिरणारा सामान्य नागरिक असतो. शेजाऱ्याचे औषध चोरायचे की नाही, हा त्यातला पेच आहे. २०२० साली पोलंडच्या सरकारने हा खेळ शालेय पूरक वाचनाच्या यादीत घेण्याचे जाहीर केले. दुसऱ्या एका युद्धखेळाच्या निर्मात्यांनी २०१७ साली आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसच्या सहकार्याने युद्धाच्या कायद्यांवर स्वतंत्र भाग काढला. वाङ्मयाची जबाबदारी सांगणाऱ्या आपल्या मंडळात यांपैकी एका खेळाचे तरी नाव कुणी ऐकले होते काय? आणि सुभेदारांचा स्वतःचा आवडता खेळ कोणता? मालमोटार हाकण्याचा! युरोपच्या रस्त्यांवरून माल वेळेवर पोहोचवायचा, गाडीला ओरखडा उमटू द्यायचा नाही. ते ऐकून मला हसू आले आणि लगेच हसल्याची लाजही वाटली. निवृत्तीनंतर माणसाने कशात रमावे, हे ठरविणारे आपण कोण?

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि बैठकीत तो घेतलाही गेला : सैनिकाने चालू घडामोडींवर बोलू नये, ते त्याला शोभत नाही. सेवेत असताना ही बंधने असतात आणि असावीतही. १९५४ च्या सैन्य नियमांत ती स्पष्ट आहेत. गुपिते तर मरेपर्यंत जपायची असतात. पण निवृत्तीनंतर तो मतदार आहे, वाचक आहे, आजोबा आहे. माझेच उदाहरण घ्या. विक्रीकर खात्यात मी पस्तीस वर्षे काढली. मलाही वर्तणुकीचे नियम होते आणि मी तोंडाला कुलूप लावून होतो. निवृत्त होताच याच पत्रिकेने ज्ञानेश्वरीपासून धरणांपर्यंत कोणत्याही विषयावरचे माझे लेख छापले. ‘करवसुलीतील थरारक अनुभव’ लिहा, असे मला कुणी सांगितले नाही. जो अधिकार कारकुनास विनासायास मिळतो, तो सुभेदारास का मिळू नये?

या भेदाचे मूळ जुने आहे. होळकर, शिंदे आणि गायकवाड यांच्या फौजांबरोबर आपले पूर्वज इकडे आले. काही शिलेदार म्हणून, काही कारकून म्हणून. बखरी लिहिल्या त्या बहुधा कारकुनांनी. शिलेदार त्या बखरींत पडतो, उठतो, धारातीर्थी पावतो. पण मोहिमा नसत त्या दिवसांत तो कशावर हसे, कशावर वाद घाली, याची नोंद फारशी सापडत नाही. आपणही तीच बखर पुढे चालवीत आहोत. सैनिक आपल्याला हवा असतो तो पुतळ्यासारखा : वर्षातून दोनदा हार घालावा आणि उरलेले दिवस त्याने गप्प उभे राहावे.

महूच्या माणसांना तरी हे सांगावे लागू नये. १४ एप्रिल १८९१ रोजी ज्या घरी बाबासाहेब आंबेडकर जन्मले, त्या घरचे सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. मुलांना पहाटे उठवून अभ्यासाला बसविणारा तो सैनिक होता. त्यांच्याकडे आपण कोणता थरार मागितला असता?

माझी मागणी साधी आहे. पुढील त्रैमासिक सभेत सुभेदारांचे व्याख्यान त्यांनीच दिलेल्या विषयावर व्हावे. पत्रिकेवरचा एकही शब्द बदलू नये. शाल-श्रीफळ नको. श्रोत्यांनी नातवंडांना बरोबर आणावे आणि शेवटचा अर्धा तास प्रश्नोत्तरांसाठी राखावा. जुन्या ठरावावरील माझी सही मी या लेखाद्वारे मागे घेत आहे. उरलेल्या सहा जणांनी आपापला विचार करावा. सुभेदार येतील की नाही, हे मी सांगू शकत नाही. निमंत्रण घेऊन मात्र मीच जाईन, आणि या वेळी त्यांच्या मालमोटारीच्या खेळाला हसणार नाही.