रावणाने पौंड विचारले नाहीत

शिवधनुष्य रावणाच्या छातीवर पडले ते त्याच्या गर्वामुळे, असे कीर्तनकार सांगतात. मला हे मान्य नाही. बुवांनी धनुष्य कधी विकत घेतलेले नसते. रावणाने पौंड विचारले नाहीत, एवढेच झाले.

धनुष्य ओढायला लागणारे बळ पौंडांत मोजतात. हे मला दुकानदाराने सांगितले आणि माझ्या खांद्यांकडे कौतुकाने पाहत पन्नास पौंडांचे धनुष्य पुढे केले. ‘‘साहेब, पंचवीसचं पोरं घेतात! मोठं घ्या, हळूहळू झेपेल.’’ म्हणजे वाढत्या अंगाचा सदराच की! पण पन्नाशीच्या माणसाचे वाढते अंग म्हणजे पोट, आणि धनुष्य पोटाने ओढत नाहीत. त्याबरोबर भाता, हातमोजा आणि झाडीत मिसळून जाणारे शिकारी कपडेही घेतले. वास्तविक १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ची दुरुस्ती यांनंतर आपल्याकडे सशावर बाण सोडणेही गुन्हा आहे. तेव्हा ते कपडे मी पेंढ्याला दिसू नये म्हणून घेतले, असे समजा.

हा सरंजाम घेऊन मी वाढवणला मित्राच्या चिकूच्या वाडीत गेलो. उडवीसमोर उभा राहिलो. धनुष्य सरळ ओढेना, म्हणून आभाळाकडे रोखून ओढले. बाण चिकूत गेला, खांदा कामातून गेला. वाडीवर काम करणारे वारली बाबा हे पाहत होते. त्यांनी धनुष्य हातात घेतले, निम्मे ओढले आणि परत दिले.

‘‘चांगलंय, शेट. पण तुमचं नाय.’’

मग त्यांनी नातवाचा बांबूचा तिरकामठा आणला आणि मला पेंढ्यापासून पाच पावलांवर उभे केले. ‘‘लांबून कोण पण चुकतो. जवळून चुकला तर काय चुकला ते कळतं.’’

माझे भांडण आहे ते ‘आधी भारी साहित्य, मग विद्या’ या आमच्या वर्गाच्या धर्माशी. धनुष्य खांद्याच्या रेषेत धरून, आभाळ न दाखवता ओढता यावे, दोरीचा हात दर वेळी जबड्यावर त्याच जागी टेकावा आणि दहा आकडे मोजेपर्यंत थरथरू नये. हे जमत नसेल तर धनुष्य जड आहे. जड धनुष्यावर सराव केला तर थरथरण्याचाच सराव होतो. अमेरिकेत धनुष्याने शिकार चालते, पण तिथेही अर्धवट ओढलेल्या बाणाने जनावर पटकन मरत नाही. रक्ताळत रान तुडवते. पैसे खर्चायचेच तर बाणांवर खर्चा. बाणाचा ताठपणा धनुष्याच्या जोराशी जुळला नाही, तर नेम बरोबर असूनही बाण वाकडा जातो. आणि मनगटाच्या वर चामड्याची पट्टी बांधाच. दोरीचा फटका मास्तरांच्या छडीची आठवण देतो.

यावर एक शेजारी म्हणाले, ‘‘मग साताऱ्याची अदिती स्वामी २०२३मध्ये बर्लिनला सतराव्या वर्षी जगज्जेती झाली, ती चाकांच्या महागड्या धनुष्यावरच ना?’’ झाली. पण त्या चाकांनी ओढून धरण्याचे ओझे कमी होते. हात स्थिर ठेवायला चाके येत नाहीत. तो तिचा तिलाच ठेवावा लागतो. शेजाऱ्यांनी मात्र चाकांची किंमत विचारली.

सध्या मी वीस पौंडांवर आणि पाच पावलांवर आहे. नातवाने त्याचा तिरकामठा दुसऱ्याच दिवशी परत मागितला. पन्नास पौंड मित्राच्या माळ्यावर पडलेत. शिकारी कपडे बाबांनी नेले. चिकू उतरवताना मुंग्या कमी चावतात म्हणाले.