गिरणीही स्वदेशी, विटाळही स्वदेशी!

रिलायन्सने २०२३ मध्ये 'कॅम्पा कोला' पुन्हा बाजारात आणला आणि कोकाकोला-पेप्सीशी त्याची झुंज सुरू झाली. अशी झुंज लागली की देशी माल घ्या, देशाचा पैसा देशात ठेवा, हा उपदेश आम्हाला ऐकावा लागतो. आमचा प्रश्न साधा आहे. या लढाईत आमचे कोण आहे?

भांडवलदारांचा स्वदेशीचा अभिमान किती टिकाऊ असतो, हे १९९३ मध्येच दिसले. 'थम्स अप' कोकाकोलाला विकणारे मालक देशीच होते. त्याहून जुना अनुभव मुंबईच्या कापडगिरण्यांचा आहे. देशी मालकांनी अस्पृश्य कामगाराला राबवून घेतले, पण जास्त मजुरीच्या विणकाम खात्याचे दार त्याला बंद ठेवले. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. त्याचा सवर्ण कामगारांना विटाळ होई आणि मालक तो चालवून घेत. गिरणीही स्वदेशी, विटाळही स्वदेशी! १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू म्हणून सांगितले, ते उगीच नव्हे.

आता 'मॉडर्न' ब्रेडचे उदाहरण घ्या. १९६५ मध्ये स्थापन झालेली ही सरकारी कंपनी. सरकारी म्हणून तेथे राखीव जागांचा नियम होता. जानेवारी २००० मध्ये वाजपेयी सरकारने तिचे ७४ टक्के भाग सुमारे १०५ कोटी रुपयांना हिंदुस्थान लिव्हर या बहुराष्ट्रीय कंपनीच्या हाती दिले. २०२१ मध्ये 'मॉडर्न' मेक्सिकोच्या ग्रुपो बिम्बोकडे गेली. मालक बदलत गेले, वेष्टनावरचे नाव तेच राहिले. राखीव जागांचा हक्क मात्र पहिल्याच विक्रीत गेला. भाग किती कोटींना विकले हे सरकारने सांगितले, जागा किती बुडाल्या याचा हिशेब आम्हाला कोण देणार?

घटनेच्या कलम १६(४) चे संरक्षण सरकारी नोकरीपुरते आहे. यूपीए सरकारच्या काळात खासगी क्षेत्रातील आरक्षणाची चर्चा झाली, तेव्हा उद्योगपतींनी कायद्याला विरोध केला आणि स्वेच्छेच्या आचारसंहितेवर आमची बोळवण केली. २०१२ च्या खरेदी धोरणात केंद्रीय खाती व सरकारी कंपन्यांनी ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योजकांकडून करावी, अशी तरतूद आहे. सरकारी कंपनी विकली की हे बंधनही तिच्यावरून उठते. म्हणजे नोकरीही गेली आणि धंद्याची वाटही गेली.

म्हणून देशी की विदेशी, या वादात टाळ्या वाजवण्याचे काम आमचे नाही. दोघांनाही आम्ही एकच अट घालू. आमच्या वस्त्यांत माल विकता, तर आमच्या शिकलेल्या मुलांना नोकरीत आणि आमच्या उद्योजकांना पुरवठ्यात कायद्याने वाटा द्या. आमच्या खिशातल्या रुपयाचा या कंपन्यांना विटाळ होत नाही. मग तो रुपया देणारा माणूस त्यांच्या कचेरीतल्या खुर्चीवर का चालत नाही? मते मागायला येणाऱ्या प्रत्येक पक्षाला समाजाने हाच सवाल आधी विचारला पाहिजे.